श्री. सतीश खातू ह्यांना गोलात उभे करण्यास हरकत

प्रति,
मा. मानद सचिव (श्री. राजन वाकणकर),
कीर्तिदालन निवड समिती,
आखाती मराठी क्रीडा मंडळ,
अल मनखूल, बर दुबई.

अर्जदार : सौ. लतिका सतीश खातू, डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई.

विषय : आइस हॉकीचे गोलरक्षक श्री. सतीश खातू ह्यांना कीर्तिदालनातून वगळणे आणि त्याच समारंभात त्यांना गोल खाण्यासाठी उभे करणे, ह्या दोन्हींस हरकत.

संदर्भ : १) आपले पत्र, दि. १४ नोव्हेंबर २०२५. २) त्याच संध्याकाळी आपण श्री. सतीश ह्यांना केलेला फोन.

महोदय,

१. अर्जदार ही लग्नापूर्वी सात वर्षे एका पंचायत समितीत आवक-जावक लिपिक होती. अर्ज कसा लिहितात हे तिला ठाऊक आहे आणि तो कसा दाबून ठेवतात हेही. सबब प्रस्तुत अर्जास आवक क्रमांक देऊन पोच द्यावी. "वहिनी, बघतो ना, इन्शाल्ला" ही पोच धरली जाणार नाही.

२. प्रथम एक खुलासा. अर्जदाराला ह्या खेळाची यत्किंचितही आवड नाही. बाहेर पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा असताना स्वेटर घालून मॉलमधल्या बर्फाशेजारी बसायचे आणि रबराच्या एका काळ्या चकतीमागे, जिला पक म्हणतात, दहा-बारा शहाणीसुरती माणसे धावताना पाहायची, ह्यात तिला आनंद वाटलेला नाही. सामन्यानंतर बाल्कनीत वाळत घातलेल्या पॅडांचा वास शेजारच्या फिझाबाईंपर्यंत जातो. त्या माऊलीने चौदा वर्षांत तक्रार केली नाही, हे तिचे उपकार आहेत. तेव्हा अर्जदार नवऱ्याच्या छंदाने भारावून हा अर्ज करीत आहे असा सोयीचा समज समितीने करून घेऊ नये. ती संतापून करीत आहे.

३. श्री. सतीश हे जबल अली येथील एका गोदामात सुपरवायझर होते. गेल्या महिन्यात त्यांचे पद कमी झाले. येत्या तीन डिसेंबरला खातू कुटुंब कायमचे भारतात परत जात आहे. ह्या देशात त्यांनी घर घेतले नाही, धंदा काढला नाही. एकोणीस वर्षांत स्वतःचे म्हणावे असे त्यांनी एकच काम केले, ते म्हणजे 'सह्याद्री स्केटर्स' ह्या आपल्याच मंडळाच्या संघाचा गोल चौदा मोसम सांभाळला. त्याची नोंद कीर्तिदालनाच्या भिंतीवरच्या पाटीवर एका ओळीत व्हावी, एवढेच मागणे होते. ते मागणेही त्यांचे नव्हते. फॉर्म अर्जदाराने भरला आणि त्यांची सही "गॅसच्या कागदावर हवी" असे सांगून घेतली. ही फसवणूक अर्जदारास मान्य आहे.

४. आता आपल्या फॉर्मविषयी. तो मुळात क्रिकेट आणि कॅरमसाठी छापलेला आहे आणि त्यातल्या 'धावा' ह्या शब्दावर पट्टी चिकटवून 'केलेले गोल' असे हाताने लिहिलेले आहे. गोलरक्षकाने त्या रकान्यात काय लिहावे, असे अर्जदाराने आपणांस विचारले असता "जे असेल ते लिहा, वहिनी" असे उत्तर मिळाले. जे होते ते शून्य होते. ते तिने लिहिले. त्यावर समितीने एकमताने ठरवले की "उमेदवाराने चौदा मोसमांत एकही गोल केलेला नाही, उलट त्याच्यावर ६११ गोल झालेले आहेत, सबब कामगिरी उणे आहे." उणे हा शब्द आपल्या पत्रात आहे. आपल्या समितीत दोन चार्टर्ड अकाउंटंट आणि कॅरमचे एक माजी विजेते बसतात. ह्या तिघांपैकी एकालाही असे वाटले नाही की गोलात उभ्या राहिलेल्या माणसाचे काम गोल न होऊ देणे हे असते.

५. न झालेल्या गोलाची नोंद कुठेच होत नाही, ही ह्या खेळातली खरी गोम आहे. हौशी लीगच्या गुणपत्रिकेत गोल कोणी केला, पास कोणी दिला, दोन मिनिटांसाठी बाहेर कोणाला बसवले, हे सगळे असते. गोलरक्षकाने काय अडवले ते नसते. अर्जदाराच्या हे तिसऱ्या मोसमात लक्षात आले. त्यानंतर तिने गोदामात खोकी मोजायला वापरतात ते हातातले यंत्र घेतले आणि दर फटक्याला बटण दाबले. एकशे एकाहत्तर सामन्यांत ५,३८४ फटके आले. ५१३ आत गेले. बाकीचे सगळे अडले, म्हणजे शंभरात नव्वद. ह्या नोंदींची वही तिने पाकिटात घालून फॉर्मला जोडली होती. आपण ती "नातेवाईकांनी केलेली नोंद ग्राह्य नाही" ह्या शेऱ्यासह, पाकीट न फोडता परत पाठवलीत. न फोडलेल्या पाकिटात नातेवाईकांची नोंद आहे हे आपणांस कसे कळले, ह्याचा खुलासा व्हावा.

६. समितीने ज्यांना निवडले त्या श्री. सुदेश टिपणीस ह्यांच्याविषयी अर्जदाराला आकस नाही असे ती लिहिणार होती. परंतु खोटे लिहिलेला अर्ज कायद्याने टिकत नाही. सुदेश ह्यांचे १४८ गोल आहेत, मान्य. ते आपले भाचे आहेत, हेही मान्य. पण हे गृहस्थ एकदा पुढे गेले की मागे येत नाहीत. प्रतिस्पर्ध्यांचा ओवेस नावाचा दांडगा पोरगा मोकळा सुटून येतो, समोर एकटे सतीश, आणि सुदेश पलीकडे स्टिक टेकवून केस सारखे करतात, हे दृश्य अर्जदाराने इतक्या वेळा पाहिले आहे की तिला आता त्या केसांचाही राग येतो. सहाशे अकरातले निदान दोनशे गोल सुदेश ह्यांच्या नावावर लावावेत. त्यांची बेरीज तरी वाढेल.

७. सन २०१९ च्या अंतिम सामन्यात आपला संघ १-० ने जिंकला. तो एक गोल सुदेश ह्यांचा. पलीकडून अडतीस फटके आले, त्यातला एकही आत गेला नाही. मंडळाच्या स्मरणिकेत सुदेश ह्यांचा पानभर फोटो छापला आहे. त्याच फोटोच्या डाव्या कोपऱ्यात एक पाय दिसतो. तो सतीश ह्यांचा आहे. अर्जदाराने तो पॅडच्या पट्ट्यावरून ओळखला, कारण तो पट्टा तिने स्वतः दाभणाने शिवलेला आहे.

८. गोलरक्षक कीर्तिदालनास केव्हा पात्र होतो ह्याबाबत आपल्याकडे नियम नाही. अर्जदाराकडे आहे. किती गोल खाल्ले ते पाहू नये. ते पुढची माणसे ठरवतात. किती चषक आले तेही पाहू नये, चषक संघाचा असतो. गोल झाल्यानंतरचे पहिले अर्धे मिनिट पाहावे. पलीकडची माणसे नाचत असतात, आपली माणसे मान फिरवून उभी असतात, आणि त्याला आपल्याच जाळीतून ती चकती काढून द्यावी लागते. बहुतेक गोलरक्षक त्या वेळी कोणाकडे तरी बघतात. ज्याची चूक झाली त्याच्याकडे, पंचाकडे, वर दिव्यांकडे. सतीश घोटभर पाणी पितात, दोन्ही खांबांना स्टिक लावून बघतात आणि पुन्हा वाकतात. सहाशे अकरा वेळा त्यांनी हेच केले. घरी येऊनही ते कोणाचे नाव घेत नाहीत. अर्जदार घेते.

९. अपवाद एकच. सन २०१८ च्या अंतिम सामन्यात पाचवा गोल त्यांच्या पायांमधून गेला आणि आपण ५-४ ने हरलो. त्या गोलानंतर शेवटच्या वीस मिनिटांत त्यांनी सतरा फटके अडवले, पण कपडे बदलायच्या खोलीत ते प्रत्येकापुढे जाऊन माफी मागत होते. सुदेश म्हणाले, "दादा, सोपा होता रे तो. खलास केलंस." चार गोल सुदेश ह्यांच्या बाजूने आले होते. सतीश "हो रे" म्हणाले.  तुमची चूक नव्हती, एवढेही अर्जदाराने गाडीत त्यांना सांगितले नाही, आणि सात वर्षे झाली तरी तिला त्याची टोचणी आहे.

१०. इथवर सगळे तोंडाला पाने पुसण्यापैकी होते. अर्जदाराने ते गिळले असते. परंतु नकाराच्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात समितीने लिहिले आहे की, दि. २९ रोजी बर्फाच्या रिंकवर होणाऱ्या सत्कारात श्री. सुदेश पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवतील, "तरी श्री. खातू ह्यांनी पूर्ण साहित्यासह गोलात उभे राहून सहकार्य करावे." त्याच संध्याकाळी आपण फोन केलात. फोन स्पीकरवर होता, कारण सतीश त्या वेळी सामानाच्या खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. आपण म्हणालात, "सतीश, पाच शॉट मारेल तो. चार सोड, एक अडव, म्हणजे नॅचरल वाटेल. पाहुणे आहेत रे, शो खराब नको व्हायला, हबीबी." महोदय, ज्याला दारातून हाकलले त्यालाच सत्काराच्या मांडवात बुजगावणे म्हणून उभे करायचे आणि वर किती मार खायचा तेही सांगायचे, हा निर्लज्जपणा अर्जदाराने सरकारी नोकरीतही पाहिला नव्हता.

११. सतीश "बरं, सोडतो" म्हणाले. त्यावरून आमच्याकडे तीन दिवस वाद चालला. डॉक्टरांनी दोन्ही खुब्यांचे फोटो दाखवून "आता जिनासुद्धा जपून" असे बजावलेले आहे, ते अर्जदाराने सांगून पाहिले. मानापमानाचे सांगून पाहिले. अखेरीस ते इतकेच म्हणाले, "लतिका, तिकडे गेल्यावर कुठला बर्फ? एकदा उभा राहू दे."  पाच फटक्यांसाठी का होईना, त्यांना बर्फावर जायचे आहे, आणि त्यासाठी ते स्वतःची शोभा करून घ्यायला तयार आहेत. आपल्याला हे ठाऊक होते म्हणूनच आपण विचारलेत, असा अर्जदाराचा स्पष्ट आरोप आहे.

१२. कालची हकिकत सांगून अर्ज संपवते. कबूल केलेले काम नीट व्हावे म्हणून सतीश ह्यांनी काल संध्याकाळी हॉलमध्ये सराव केला. गोल सोडण्याचा सराव. सोफा हलवला, दोन बाजूंना दोन बॅगा ठेवल्या आणि अनन्याला, म्हणजे आमच्या मुलीला, समोरून टेनिसचा चेंडू टाकायला सांगितला. "मी नाही अडवणार, तू टाक," म्हणाले. तिने टाकला. पाय आपोआप पुढे गेला. "सॉरी, परत." परत पाय गेला. मग त्यांनी हात मागे बांधले, तर गुडघा आडवा आला. त्यांनी डोळे मिटले, तर आवाजावरून अडवला. अर्धा तास हे चालले होते. पस्तिसेक चेंडूंतले दोन मागे गेले, ते अनन्याने मुद्दाम छताला लावून टाकले होते. शेवटी पोरगी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "Baba, you can't do it. You literally can't." ते घामाने निथळत होते, खुबा धरून भिंतीला टेकले होते, आणि अर्जदाराकडे बघून खरोखर ओशाळवाणे होऊन म्हणाले, "राजनला शब्द दिलाय गं. काय करू?"

१३. सबब समितीस कळविण्यात येते की, श्री. सतीश खातू हे आपण सांगितलेले काम करण्यास असमर्थ आहेत. चौदा वर्षांत ते त्यांना कोणी शिकवले नाही आणि आता शिकण्याचे वय राहिले नाही. अर्जदाराची मूळ मागणी, म्हणजे पाटीवर नाव लावण्याची, ती ह्या अर्जाद्वारे मागे घेत आहे. ज्या भिंतीवर ते लागायचे ती आपली आहे. दि. २९ रोजी ते पूर्ण साहित्यासह वेळेवर हजर राहतील, कारण त्यांनी शब्द दिला आहे आणि त्यांना बर्फ हवा आहे. परंतु ते एकही गोल सोडू शकणार नाहीत. त्यांच्या मनात नसतानाही ते पाचही अडवतील, आणि नंतर आपल्यासमोर येऊन माफी मागतील. ती आपण उभे राहून ऐकावी, ही विनंती.

आपली,
('नम्र' हा शब्द विचारपूर्वक वगळला आहे.)

सौ. लतिका सतीश खातू
दुबई, दि. २१ नोव्हेंबर २०२५

सोबत : काही नाही.
प्रत : कोणासही नाही. श्री. सतीश ह्यांना हा अर्ज माहीत नाही, आणि तो त्यांना कळता कामा नये.