दिवस गेलेत, हे कोणी ऐकलं?

मंगळवार, दिवेलागण. भांडुप

माझ्या नेहाला दिवस गेलेत! मी पणजी होणार! सकाळपासून पाय जमिनीवर नाहीत, पण मनात एक किडा वळवळतोय.

नेहा घरूनच ऑफिस करते. दुपारी तिची मिटिंग संपली समजून मी शिरा घेऊन गेले नि म्हटलं, "बाय माझी, दिवस गेलेत तुला, गरम आहे तोवर खा." तिने झटकन माझं तोंडच दाबलं. मिटिंग चालूच होती!

"आजी, वाट लावलीस! बढती मिळेपर्यंत कोणाला कळायला नको होतं ना!"

"अगं, तुझ्या ऑफिसात मराठी येतं कोणाला?"

"एआयला येतं. तो सगळं लिहून साहेबांना पाठवतो."

मग त्या एआयने लिहिलेलं लॅपटॉपवर आलं, ते नेहाने वाचून दाखवलं: "नेहाच्या कामाचे दिवस उलटून गेले. नवी तारीख द्यावी."

बाई गं, तारीख तर डॉक्टरने दिलीय! आम्ही दोघी पोट धरून हसलो.

पण मला राहून राहून वाटतंय, शिऱ्याचं त्याने काहीच कसं लिहिलं नाही? ऐकलं तर असणारच. मग ते ठेवलं कुठे? खरंच कळलं नाही, की कळून गप्प बसलाय?

नेहा म्हणते, "आजी, मशीन आहे गं ते."

असेल. लॅपटॉप मिटलेला आहे, तरी शिऱ्याचं पातेलं घासून त्याच्यावर उपडं घालून आलेय.