तारेपलीकडचा दर्गा

गुरुवार, संध्याकाळ. कोपर

दुपारपासून तनूचा फोन बंद होता. लढाईनंतर दोन तुकडे झालेल्या सायप्रस बेटाच्या उत्तर भागात ती शिकते. आज मधली तारेची सीमा ओलांडून दक्षिणेतल्या जुन्या दर्ग्यात जाणार होती. माझं माहेर खडवलीच्या पीरबाबांना दरवर्षी चादर चढवतं, तीच ओढ तिला. पण तिच्याकडे दक्षिणेचा व्हिसा नाही. पकडलं असेल का? हे म्हणाले, "अगं, येईल फोन." आणि स्वतःच पुन्हा तिचा नंबर लावला.

आत्ता आला. "आई, नाक्यावर अडवलं. खूप वेळ बसवून ठेवलं, मग सोडलं."

"बास झालं गं. तिथूनच हात जोड."

"रविवारी परत जाईन. एक ओळखीचा शेतांतून नेतो म्हणालाय."

मी नको नको म्हणतेय तोवर तिने ठेवलासुद्धा. त्या शेतांत लढाईतले सुरुंग अजून आहेत, हे तिनेच मला सांगितलेलं.