काडतुसांच्या दारूचं कपाट आणि माझं बाकीचं

मी, इल्पो हावेरिनेन, वय तेवीस, राहणार हेतेवारा, तळ्याकाठचं शेवटचं घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो आहे. सकाळपासून पोटात फक्त कॉफी आहे. डोकं ठिकाणावर आहे, प्रकृती ठणठणीत आहे आणि मरायचा माझा कुठलाही बेत नाही. शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलं, कारण गेला महिनाभर गावातले लोक माझ्याकडे भलत्याच काळजीने बघतात.

मृत्युपत्राचं कारण साधं आहे. आमच्या शिकारी टोळीचा नियम आहे: काडतुसं भरण्याची दारू जो सांभाळतो, त्याने एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडण्याआधी दोन साक्षीदारांच्या सह्यांचं मृत्युपत्र टोळीप्रमुखाकडे द्यायचं. फार वर्षांपूर्वी इथला एक जण अचानक गेला. त्याच्या बायकोला शेडमध्ये कॉफीचे अकरा डबे सापडले. सगळ्यांत दारू, चिठ्ठी एकावरही नाही. बिचारीने दोन वर्षं त्या शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. तेव्हापासूनचा नियम. हंगाम परवा, शनिवारी उघडतो. उद्या संध्याकाळपर्यंत हा कागद पुरा झाला नाही तर कपाट रिकामं करून किल्ली काढून घेतील. ते कपाट माझ्याआधी दारू सांभाळणाऱ्या हेइमोकाकांनी मार्चमध्ये, मरायच्या आठ दिवस आधी, माझ्या हवाली केलं. विश्वासाने कोणी मला दिलेली ती एकच वस्तू. ते जाऊ द्यायचं नाही, म्हणून हा खटाटोप.

कलम १. कपाट साकारी हेइक्किनेन याला द्यावं. मी त्याच्यावर खूश आहे असा अर्थ काढू नये. गावात माझ्याखेरीज काडतुसं भरणारा तो एकटाच आहे, नाइलाज आहे. कपाट जाड लाकडी फळ्यांचं आहे, हेइमोकाकांनी स्वतः केलेलं. त्याने ते बदलून लोखंडी घट्ट पेटी आणू नये. दारू घट्ट कोंडली आणि आग लागली तर पेटीचाच बाँब होतो. लाकडाच्या फटींतून जाळाला वाट मिळते. त्याच्या घरीही कपाट उत्तरेकडच्या थंड, कोरड्या खोलीतच राहील, सॉनाच्या तापणाऱ्या भिंतीला टेकवायचं नाही. आणि साकारी, कपाट उघडताना तोंडातली सिगारेट बाहेर पायरीवर विझवून यायचं. पायरीवर, दारात नाही.

कलम २. दारू. प्रत्येक दारू तिच्या मूळ डब्यात आहे, मूळ चिठ्ठीसकट. न उघडलेले डबे परवाना असलेल्या बंदुकीच्या दुकानात द्यावेत. उघडलेले कोणी 'वाया कशाला घालवायचं' म्हणून वापरू नयेत. डबा उघडल्यावर आंबूस वास आला किंवा तांबूस भुकटी दिसली तर तो बंद करून अग्निशमनवाल्यांना फोन करावा. माझा भाऊ आर्तो हेलसिंकीहून येईलच, आणि तो सगळं तळ्यात ओतू पाहील. त्याला ओतू देऊ नये. तो सगळंच ओततो. बाबांचे कागदही त्याने असेच चुलीत घातले होते.

कलम ३. काडतुसाच्या पुंगळीच्या बुडात बसवतात त्या ठिणगी देणाऱ्या टोप्या वेगळ्या खोलीत, वरच्या फळीवर, आपापल्या खोक्यांत आहेत. त्या बरणीत ओतून ठेवू नयेत. एक उडाली की बाकीच्यांना उडवते. त्याही दुकानात द्याव्यात.

कलम ४. ज्या कॉलेजातून मी तिसऱ्या वर्षी निघून आलो, त्यांच्या वाचनालयाची तीन पुस्तकं खाटेखाली आहेत. ती परत करावीत. मी कोणाचं ठेवून घेतलं असं व्हायला नको.

कलम ५. तराजू गावच्या शाळेला. फार नाजूक आहे, एखादा केसही तोलून दाखवतो. मात्र तराजू देताना पुढची हकीकत वगळू नये. बाहेर ती तीन प्रकारांनी सांगितली जाते, तिन्ही प्रकार खोटे आहेत.

ऑगस्टमध्ये मी राइमो केरानेन यांची काडतुसं भरत होतो. राइमोकाका आमचे टोळीप्रमुख, आणि मेर्वीचे वडील. मेर्वीसाठीच मी कॉलेज सोडून आलो होतो. हेइमोकाकांचे दोन नियम होते: टेबलावर एका वेळी एकच डबा, आणि भरताना बोलायचं नाही. त्या दिवशी मेर्वी आत आली आणि दारातूनच म्हणाली, "सोमवारी चालले मी. स्वीडनला, नर्सिंगला."

मी म्हणालो, "आणि मी? तुझ्यासाठी सगळं सोडून आलो ना मी?"

"मी सांगितलं होतं का रे? तू यायच्या आधी एकदा तरी विचारलंस?"

मी तिच्यामागे तळ्यापर्यंत धावत गेलो. तिने मागे वळून पाहिलं नाही. दारू मोजून ओतणाऱ्या यंत्राच्या नळकांड्यात रायफलची अर्धी दारू तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी डोकं धुमसतंय, टेबलावर दोन डबे, एक रायफलच्या दारूचा, एक छऱ्याच्या बंदुकीच्या जलद पेटणाऱ्या दारूचा. ते दोन तिथे असायलाच नको होते. छऱ्याच्या डब्यातली नळकांड्यात ओतली, काहीतरी चुकतंय वाटून थांबलो, आणि विचार न करता सगळं परत रायफलच्या डब्यात रिकामं केलं. मग त्याच डब्यातून वीस काडतुसं भरून राइमोकाकांना पोचवली.

चार दिवसांनी डबा उचलला तर जड लागला. तोलला, तर चिठ्ठीवर लिहून ठेवलेल्या वजनापेक्षा जास्त. दारू वापरल्यावर डबा हलका व्हायला हवा. जलद पेटणारी दारू रायफलमध्ये गेली तर रायफल तोंडावरच फुटते. मी सायकल काढली.

नेमबाजीच्या मैदानावर राइमोकाका रायफल खांद्याला लावून बसले होते. मी जाऊन नळीच हाताने वर उडवली. तसं कधीच करू नये, पण केलं.

"वेडा झालास का रे! पोरगी गेली म्हणून बापाचा जीव घेतोस?"

"काडतुसं द्या. सगळी द्या. माझी चूक झालीय."

साकारी मागून म्हणाला, "कॉलेजात जाऊन आला ना, डब्यावरची चिठ्ठी वाचायला शिकवत नाहीत तिथे!" सगळे हसले.

एक काडतूस उकलून पांढऱ्या कागदावर दारू ओतली. रायफलच्या दारूच्या काड्यांसारख्या कणांत छऱ्याच्या दारूच्या चपट्या पापड्या मिसळलेल्या, आंधळ्यालाही दिसाव्यात अशा. मग कोणी हसलं नाही. राइमोकाकांनी रायफल खाली ठेवली, उरलेली एकोणीस माझ्या टोपीत टाकली आणि घरी गेले. त्या दिवसापासून टोळीत माझ्याशी कोणी कामापलीकडे बोलत नाही. मी गप्प राहिलो असतो तर काय झालं असतं, हे मला रोज दिसतं. पण बोललो म्हणून घरी कोणी कॉफीला येत नाही, हेही दिसतं.

कलम ६. पेनी, माझी कुत्री. ती कोणाकडेही जाईल, ज्याच्या खिशात सॉसेज असेल त्याच्याकडे. तिला विचारून ठरवावं.

कलम ७. ~~हे घर, तळ्याकडचा धक्का आणि होडी मेर्वी केरानेन हिला द्यावी. तिने यावं अशी अट नाही. खिडकी तिच्या बाबांच्या घराच्या बाजूला आहे, एवढंच.~~

इथपर्यंत काल लिहिलं. पुढचं आज, शुक्रवारी दुपारी, हेइमोकाकांच्या बायकोच्या, केर्टूकाकूंच्या, स्वयंपाकघरात लिहितो आहे.

साक्षीदार दोन लागतात, दोघं एकाच वेळी समोर. काल दिवसभर मी माणसं मोजत होतो. केर्टूकाकूंना या कागदातून काही मिळत नाही, त्या चालतात. साकारीला कपाट जातं, तो चालत नाही. भाऊ चालत नाही. आई स्वीडनमध्ये, तीही चालली नसती. दुसरं नाव सुचेना. कॉलेजाचे दिवस सोडले तर सगळं आयुष्य या गावात काढलं आणि दुसरं नाव सुचेना.

केर्टूकाकू म्हणाल्या, "राइमोला बोलावते."

"ते कशाला येतील?"

"तू बोलावून ये म्हणत नाहीये, मी बोलावते म्हणतेय. तू कॉफी टाक."

राइमोकाका आले. बूट काढले, बसले, कागद सगळा वाचला. मैदानाची हकीकत दोनदा वाचली. मग कलम ७ वर बोट ठेवलं.

"हे असताना माझी सही चालणार नाही."

"राग आहे, कळतं मला."

"राग नाही रे, बाबा. कायदा आहे. माझ्या पोरीला मिळत असेल तर मी साक्षीदार होऊ शकत नाही." थोडा वेळ ते कॉफी ढवळत राहिले. साखर घातलीच नव्हती. "आणि इल्पो, ती येणार नाही. तिथे कोणी आहे. तुला कोणीतरी सांगायलाच हवं होतं. इथे सगळ्यांना माहीत होतं."

मी म्हणालो, "सगळ्यांना?"

केर्टूकाकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "दुसरा साक्षीदार शोधायचा असेल तर अजून चार तास आहेत, बाळा. तू म्हणशील तसं."

मी शोधू शकलो असतो. रस्त्यावरच्या एखाद्या लाकूडतोड्याला थांबवलं असतं. घर तिच्या नावावर राहिलं असतं, कपाटही राहिलं असतं. पण हकीकत वाचून सही करायला तयार झालेला माणूस समोर बसला होता. ज्या काडतुसांनी त्याचा चेहरा गेला असता, ती ज्याने भरली, त्याच्याच कागदावर तो सही करणार होता.

कलम ७ मी स्वतः, एका रेघेने, खोडलं आहे. बाजूला सही केली आहे. घराचं काय ते कायद्याप्रमाणे व्हावं.

कलम ८. दुसरं काही नाही.

इल्पो हावेरिनेन
हेतेवारा, शुक्रवार, २७ सप्टेंबर २००२

आम्ही दोघं एकत्र हजर होतो. इल्पो हावेरिनेन याने हे आपलं मृत्युपत्र असल्याचं सांगून आमच्यासमोर सही केली. तो शुद्धीत होता, त्याच्यावर कोणाची जबरदस्ती नव्हती. कलम ७ त्याने आमच्या देखत खोडलं. खोडताना हात स्थिर होता.

केर्टू सेप्पानेन, निवृत्त स्वयंपाकीण
राइमो केरानेन, टोळीप्रमुख