गल्लीत अडकलेला पाइप

मुहर्रक, बहारीन
शनिवार सकाळ

तीर्थरूप शामरावकाकांना समाधानचा सविनय जय भीम.

इकडे मी, राधा आणि एसी, तिघंही ठणठणीत. तुमचा गुडघा काय म्हणतो? काकूंच्या शुगरबद्दल मुद्दाम विचारत नाही. मागे विचारलं तेव्हा तुम्ही फोन त्यांच्या हातात दिलात, आणि माझा सुट्टीचा दिवस पथ्यात गेला.

वाशीमला लोक विचारतात, पुतण्या काय करतो, तेव्हा तुम्ही ‘इंटरनॅशनल’ एवढंच म्हणून मिशीला पीळ देता, असं कळलं. आता नीट सांगतो. दूर समुद्रात एक चिमुकला बेटांचा देश आहे (नाव लिहीत नाही, आमच्या साहेबांनाही ते धड उच्चारता येत नाही). त्याचा विकास करायला चार संस्था आहेत: शाळावाले, आरोग्यवाले, महिलावाले आणि पाणीवाले. चौघांची ऑफिसं इथे बहारीनला. चौघं एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून बोलायला लावण्यासाठी पाचवं ऑफिस काढलं. त्याचं नाव समन्वय कक्ष. त्यात मी.

तर त्या देशातल्या एका मुलींच्या शाळेत संडास नव्हता. शाळावाल्यांनी शाळेची सोय म्हणून एक बांधला. आरोग्यवाल्यांनी रोगराई नको म्हणून शेजारी दुसरा बांधला. महिलावाल्यांनी मुलींच्या सन्मानासाठी तिसरा बांधला (गुलाबी). तीन उद्घाटनं झाली, तीन फिती कापल्या, आणि आत पाण्याचा थेंब नाही! पाणीवाल्यांनी टाकी बांधली होती, पण टेकडीवर. मधला पाइप कोणाच्याच खात्यात बसेना. मोठ्या मुली दुपारी घरी जायच्या त्या परत यायच्याच नाहीत, आणि पुढे पुढे शाळाच सोडायच्या. दोन वर्षं आम्ही यावर बैठका घेत होतो. शेवटी त्या शाळेच्या मुख्याध्यापिका हलिमाबाई स्वतःच बहारीनला निघाल्या.

मी चारही ऑफिसांना मेल टाकला, ‘कृपया संबंधितांनी विमानतळावर गाडी पाठवावी.’ चौघांकडून उत्तर आलं, ‘धन्यवाद.’ गाडी कोणीच पाठवली नाही.

ही तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. एका शुक्रवारी दुपारी हलिमाबाईंनी एका टॅक्सीवाल्याच्या मोबाइलवरून मला फोन केला. विमानतळ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, तेव्हा तसाच धावलो. थोराड बाई, हातात काळी छत्री, आणि सिनेमे बघून शिकलेली खणखणीत हिंदी. घरी आणलं. राधानं पिठलं-भाकरी वाढली, बाईंनी तिखट जाळ ठेचा मागून घेतला आणि जेवून आडव्या झाल्या. इथे माझ्या हातून एक चूक झाली, काका. मी चौघांना कळवलं, की पाहुण्या माझ्या घरी सुखरूप आहेत.

देशाची पाहुणी आणि कारकुनाच्या घरी! चारही साहेब जनाबियातल्या आपापल्या व्हिलांतून आपापली जहाजाएवढी गाडी घेऊन निघाले. आमची गल्ली एवढी अरुंद, की समोरून बकरी आली तर माणूस अंग चोरतो. दोन गाड्या या टोकानं शिरल्या, दोन त्या टोकानं, आणि मधे आमचा शेजारी हाशिम आपल्या गाडीसकट सापडला. तो म्हाताऱ्या आईला अरादला बहिणीकडे जेवायला नेत होता. तो खाली उतरून “यल्ला, यल्ला, पीछे!” असं ओरडायला लागला. पण आधी मागे कोणी जायचं? आरोग्यवाल्या साहेबांनी काच खाली करून सांगितलं, की हा निर्णय त्यांना एकट्यानं घेता येणार नाही.

एवढ्यात हलिमाबाई छत्री घेऊन दारात आल्या. चार गाड्यांची चार दारं उघडली, “मॅडम, प्लीज!” बाई पायरीवर बसल्या. मला विचारून कोण कोणता साहेब ते समजून घेतलं आणि म्हणाल्या, “जो पाइप देगा, उसकी गाडी में बैठूँगी.”

मग एक म्हणाला सर्व्हे करावा लागेल, दुसरा म्हणाला पुढच्या बजेटमध्ये बघू, तिसरा फोनमध्ये काहीतरी शोधू लागला. पाणीवाले साहेब म्हणाले, “इंशाल्ला.”

“अल्ला तो चाहता है,” बाई म्हणाल्या. “तुम चाहते हो?”

हाशिमच्या आईनं मागच्या सीटवरून विचारलं, काय चाललंय? हाशिमनं अरबीत सगळं सांगितलं. मुली शाळा सोडतात, हे ऐकून म्हातारी काच खाली करून जी सुटली, ती सुटलीच. मला त्यातले दोनच शब्द कळले, ‘पाइप’ आणि ‘खलास’. साहेबांना बहुधा सगळेच कळले. पाणीवाले साहेब टाय सैल करत म्हणाले, “ओके. पाइप आमचा.” मग बाकीचे मागे राहतात होय? शाळावाले म्हणाले आमचा, महिलावाले म्हणाले आमचा, आरोग्यवालेसुद्धा एकट्यानं निर्णय घेऊन म्हणाले आमचा. काका, दोन वर्षांत पहिल्यांदा कोणी ‘आमचा’ म्हटलं. मला भरून आलं. घाम पुसल्यासारखं केलं.

एकाच्या गाडीत बसलं तर तिघांना वाईट वाटेल, म्हणून बाई हाशिमच्या आईशेजारी बसल्या आणि अरादला जेवायला गेल्या (दुसऱ्यांदा). त्यांना वाट द्यायला चार साहेब एकमेकांना हातवारे करत उलटे बाहेर पडले. याहून चांगला समन्वय मी आजवर पाहिलेला नाही.

काकूंना जय भीम, लहानांना पापे.

तुमचा,
समाधान

ता. क. : पाइप पोचला, बरं का. चारही पोचले. एक जोडला, पाणी आलं. बाकीच्या तिन्हींवर बसून मुली डबा खातात. नळाखाली ओरडणाऱ्या मुलींचा व्हिडिओ हलिमाबाई आम्हाला रोज संध्याकाळी दाखवतात.

ता. क. २ : होय, रोज. त्या अजून इथेच आहेत. आता त्यांना विजेची तार हवी आहे, आणि ती कोणाच्याच खात्यात बसत नाही. रोज सकाळी छत्री घेऊन एकेका ऑफिसात जाऊन बसतात. तुमच्या आणि काकूंच्यासाठी ठेवलेल्या खोलीत त्या राहतात. म्हणून विनंती, की पुढच्या महिन्यातलं तुमचं येणं दिवाळीनंतर ढकलावं. खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण थेट लिहायला हात धजेना.

ता. क. ३ : काका, मी राधा. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं होतं. यांचं ऐकू नका, ठरल्या दिवशी या. मी आणि हलिमाबाईंनी चहा पिता पिता ठरवून टाकलंय. काकू, मी आणि बाई खोलीत, तुम्ही हॉलमध्ये, आणि समन्वय कक्ष स्वयंपाकघरात, फ्रिजला पाय लावून. येताना ठेच्यासाठी गावाकडच्या मिरच्या आणा. इथल्या मिरच्या बाईंना तिखट लागतच नाहीत.