बियाण्यांच्या फळीवरचा डबा

लूइसटाउन, मोंटाना
१२ मे १९९४

प्रिय डेल्बर्टभाऊजी यांस,
अ. उ. आ. वि. वि.

इकडे सगळं ठीक. ठीक म्हणजे, तुमचे दादा जाऊन सात महिने झाले तरी मी कॉफी दोघांची करते, दोन्ही कप एकटीच पिते आणि मग झोप येत नाही म्हणून कुरकुरते. नॅडीनची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, बर्फ सरला, आता इकडे न येण्याच्या सबबी पुरे.

पत्राचं कारण वेगळंच. ह्यांनी हातानं भरलेल्या काडतुसांची शेवटची पेटी परवा उघडली. विकतची काडतुसं मेली इतका धक्का देतात की दोन दिवस मला चमचा धरवत नाही. हे माझ्या मनगटासाठी मुद्दाम हलकी भरायचे. जूनच्या दुसऱ्या शनिवारी क्लबात बायकांची नेमबाजी आहे, आणि बावीस वर्षांत मी ती एकदाही चुकवलेली नाही. तेव्हा ठरवलं, आता आपली काडतुसं आपणच भरायची. यंत्र चालवता येतं मला. इतकी वर्षं ह्यांच्या शेजारी बसून मोजे विणलेत ते काय उगाच? अडलंय ते बारुदीपाशी. ह्यांच्या फळीवर सहा डबे! माझं पिस्तूल आणि ह्यांचं जुनं रिव्हॉल्वर, दोन्हींना चालेल अशी एकच सांगा.

बहुतेक ह्यांनीच निवडून ठेवली आहे म्हणा. गॅरेजात माझी बियाण्यांची फळी आहे ना, तिथे हातमोज्यांच्या मागे एक डबा सापडला, पाऊण भरलेला. लेबल निघून गेलंय. पण कण राखाडी, चपटे, थेट ह्यांच्या आवडत्या बारुदीसारखे. शेजारी ठेवून पाहिले. माझ्या फळीवर ठेवला म्हणजे माझ्यासाठीच. सांगायचं राहून गेलं असेल. पुढच्या आठवड्यात भरायला बसते, तरी तुमचं मत कळवा.

माया आहेच, उत्तर लवकर आलं तर आणखी वाढेल.

तुमची वहिनी,
लव्होना


शेरिडन, वायोमिंग
१६ मे १९९४, तातडीच्या टपालानं

ती. लव्होनावहिनींस,
सा. न. वि. वि.

त्या डब्याला हात लावू नका! आधी एवढं वाचा, मग बाकीचं. फोनवर मला काही ऐकू येत नाही, जन्मभर बंदुका उडवल्याचं बक्षीस. म्हणून नॅडीननं आज चार वेळा फोन लावला. तुम्ही उचलला नाहीत. तुम्ही बागेत असाल असं ती म्हणते. माझ्या मनात नको नको ते येतंय.

वहिनी, लेबल आपोआप निघालेलं नाही. दादानं ते माझ्यासमोर खरवडून काढलं. दादाचा नियम तुम्हाला पाठ आहे: टेबलावर एका वेळी एकच डबा, आणि भरताना कुणी बोलायचं नाही. गेल्या ऑगस्टात त्या टेबलावर दोन डबे होते, कारण दुसरा माझ्यासाठी उघडला होता, आणि मी मूर्ख माझ्या मासेमारीच्या गप्पा हाणत होतो. यंत्राच्या मापात उरलेली भडक, म्हणजे झटकन पेटणारी बारूद त्यानं सावकाश जळणाऱ्या मंद बारुदीच्या डब्यात ओतली. दिसायला दोन्ही सारख्या. ते मिश्रण पिस्तुलात काय करील ते कुणीच सांगू शकत नाही. पिस्तूल हातात फुटेल, वहिनी.

दादाला कळलं, आता हे काम आपल्याच्यानं होत नाही. वसंतापासून त्याचे हात कापत होते. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ त्यानं मला घातली आणि मी ती पाळली. आता लाज वाटते.

डबा बियाण्यांत का, तर वाया गेलेली बारूद आम्ही बागेत खत म्हणून टाकतो. लव्होनाच्या टोमॅटोंना होईल, म्हणाला होता.

आता तुमची एकच बारूद. नाव वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. नवा सीलबंद डबा आणा, जुन्यातला एकही वापरू नका. ही दोन्हींत चालते, हलकी भरता येते आणि मुख्य म्हणजे फुगीर आहे. चुकून एकाच काडतुसात दोनदा पडली तर पुंगळीतून उतू जाते, दिसते. भडक बारूद दोनदा पडली तरी आत लपून बसते. वजन मात्र पुस्तकातच बघा, माझं ऐकू नका.

रागवा, पण मला तोडू नका.

आपला,
डेल्बर्ट


लूइसटाउन
२२ मे १९९४

प्रिय डेल्बर्टभाऊजी यांस,
आशीर्वाद देते, पण कडक.

नॅडीनचे फोन मला बागेत आणि गॅरेजात ऐकूच आले नाहीत. तुमचं पत्र बुधवारी आलं. मंगळवारीच मी पन्नास भरून ठेवली होती आणि बुधवारी दुपारी सरावाला निघाले होते. पिशवी दाराशी होती. पोस्टमन दहा मिनिटं उशिरा आला असता तर हे पत्र मला डाव्या हातानं लिहावं लागलं असतं.

पन्नासही ह्यांच्या त्या गोळी उपटायच्या पोकळ हातोडीत घालून ठोकून मोकळी केली. पहिली वीस तुमच्यावर चिडून, मग काही ह्यांच्यावर, उरलेली रडत.

आणि हात कापतात हे मला कळत नव्हतं असं वाटलं तुम्हाला? रोज सकाळी शर्टाची बटणं कोण लावत होतं? हे म्हणायचे, बोटं आखडलीत. मी म्हणायचे, थंडी आहे. भर जुलैत! तिघांनी मिळून एकमेकांना इतकं जपलं की माझा हात जाता जाता राहिला. यापुढे या घरात कुणी कुणाला असं जपायचं नाही. हा माझा नियम.

रागाच्या पोटात जे असतं तेच आहे.

लव्होना


लूइसटाउन
४ सप्टेंबर १९९४

प्रिय डेल्बर्टभाऊजी यांस,
अ. उ. आ. वि. वि.

जूनमध्ये तिसरी आले, तुमच्या फुगीर बारुदीवर. एकदा खरोखरच उतू गेली हो! टेबलभर सांडली, आणि मी एकटीच मोठ्यानं हसले. टेबलावर डबा एकच असतो. पुढच्या महिन्यात या. मी भरत असेन तेव्हा शेजारी बसा आणि तोंड मिटून मोजे विणा.

सोबत टोमॅटोंची पेटी पाठवते. तो डबा मी सगळा वाफ्यात मिसळला होता. असे टोमॅटो माझ्या हातून आजवर झाले नव्हते. एकेक तुमच्या मुठीएवढा. पहिला तोडला तो तिथेच, वाफ्यात उभी राहून, मीठ न लावता खाल्ला.

डबा माझ्यासाठी ठेवलाय असं मी म्हटलं होतं, आठवतं? ते काही चुकीचं नव्हतं.

तुमची वहिनी,
लव्होना