रोजा असताना जेवणाची सुट्टी मिळण्याबाबत

प्रति,
मा. केंद्र अधिकारी,
अग्निशमन केंद्र (पूर्व विभाग)

अर्जदार : शिडी पथकातील जवान, बिल्ला क्र. ४१७ (१० मार्चपासून दूरध्वनी कक्षात)

विषय : रोजे सुरू असतानाही दुपारी एक ते पावणेदोन ही जेवणाची सुट्टी मिळण्याबाबत व आधीचा तक्रार अर्ज मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) आरोग्य कक्षाचे परिपत्रक, 'रमजानमधील आहार व तंदुरुस्ती'
२) वजन तपासणी, दि. १० मार्च, त्यावरील शेरा
३) अर्जदाराचा तक्रार अर्ज, दि. १२ मार्च, पाने सहा

महोदय,

विषय वाचून आपण हा कागद बाजूला ठेवाल, म्हणून आधीच स्पष्ट करतो की अर्जदार रोजे ठेवत आहे, आजही त्याचा रोजा आहे, आणि जेवणाची सुट्टी त्याला स्वतःच्या जेवणासाठी नको आहे. कोणाच्या जेवणासाठी हवी आहे हे सांगण्यापूर्वी त्याला संदर्भ क्र. ३ चा अर्ज मागे घ्यावा लागेल. त्या अर्जात एक वजनकाटा आणि तीन माणसे यांच्यावर संशय घेतलेला आहे. प्रत्येकाला वेगळे मोकळे करणे न्यायाचे होईल, म्हणून थोडा वेळ लागेल.

१. रमजान सुरू होण्याच्या आदल्या दिवशी अर्जदाराचे वजन ७९ किलो २०० ग्रॅम होते. शिडी पथकाची मर्यादा ८० किलो आहे. आरोग्य कक्षाचे परिपत्रक मिळाल्यावर अर्जदाराने ते स्वयंपाकघरात भिंतीला लावले आणि अक्षरशः पाळले. खजूर व पाण्याने रोजा सोडणे, तळलेले पूर्ण बंद, संध्याकाळी बिनतेलाचे डाळ-भाज्यांचे सूप, पहाटे सहेरीला दोन उकडलेली अंडी, ओट्स व दही, इफ्तार ते सहेरी पाण्याचे आठ पेले, आणि जेवणानंतर अर्धा तास चालणे. पेल्यांची नोंदवही ठेवली असून प्रत्येक पेल्यासमोर अर्जदाराची सही आहे. असे असताना दि. १० मार्चच्या तपासणीत वजन ८० किलो ९०० ग्रॅम भरले. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तक्त्यावर 'उपवासाबाबत शंका' असा शेरा मारला आणि अर्जदाराला शिडीवरून उतरवून दूरध्वनी कक्षात बसवले. सतरा वर्षांच्या नोकरीत अर्जदार शिडीवरून स्वतःच्या पायांनी उतरला आहे, कोणी उतरवला नव्हता.

२. दिवसभर पाण्याचा थेंब न घेणाऱ्या माणसाचे वजन वाढते म्हणजे कोठेतरी पाणी मुरते आहे, असे अर्जदाराचे मत झाले. त्याने पुढीलप्रमाणे संशय घेतला, आणि तो आता पुढीलप्रमाणे मागे घेत आहे.

(अ) वजनकाटा. केंद्राच्या भांडारातील वीस किलोची वाळूची पिशवी अर्जदाराने तीन वेळा काट्यावर ठेवली. तिन्ही वेळा वीस किलोच भरली. काटा निर्दोष आहे. मात्र पिशवी खरोखर वीस किलोची आहे का, हा प्रश्न अर्जदार तूर्त उपस्थित करत नाही.

(ब) उपाहारगृहाचा आचारी. शिडी पथकाच्या खोलीची खिडकी त्याच्या कढईसमोर येते. दिवसभर तळणाचा वास घेतल्याने शरीरावर परिणाम होतो आणि हा वास हेतुपुरस्सर सोडला जातो, असे अर्जदाराने पान दोनवर लिहिले होते. आपण खुलासा मागितल्यावर आचाऱ्याने सर्वांसमोर सांगितले, "वासानं वजन वाढलं असतं तर बाबा मी या दारातून बाहेर निघालो असतो का? भिंत पाडावी लागली असती." आचारी अंगाने किडकिडीत आहे. खुलासा मान्य.

(क) शिडी पथकातील दुसरा जवान, ज्याला आपण सर्व 'काडी' म्हणतो. अर्जदाराच्या जागी सध्या तोच शिडीवर चढतो. रमजान सुरू झाल्यापासून तो रोज निघताना अर्जदाराच्या हातावर एक खजूर ठेवत असे. तो स्वतः रोजे ठेवत नाही, मग ही आपुलकी एकाएकी कोठून आली, असा प्रश्न पडला. अर्जदाराने अकरा खजूर ब्लेडने उभे चिरून पाहिले. अकराही खजुरांत बी निघाली, दुसरे काही निघाले नाही. चौकशीत काडीने एवढेच सांगितले, "तू रस्त्यात अडकलास तर खिशात असावा म्हणून देत होतो रे. आता तूही नको आणि तुझी शिडीही नको." अर्जदाराने त्याची समक्ष माफी मागितली आहे. खजूर मात्र अजून बंद आहे.

(ड) अर्जदाराची पत्नी. ती शिवणकामाच्या कारखान्यात जाते आणि स्वतःही रोजे ठेवते. अर्जदाराचे सूप ती सकाळीच वेगळ्या पातेल्यात करून ठेवते आणि संध्याकाळी फक्त गरम करते. पहिल्या आठवड्यापासून ते सूप अर्जदाराला दाट लागत होते. पत्नीला नवऱ्याने शिडीवर चढणे कधीच पसंत नव्हते, म्हणून वजन वाढवून त्याला खुर्चीवर बसवण्याचा हा घरचा बेत असावा, असे पान पाचवर नमूद केले होते. पुराव्यासाठी अर्जदार पातेल्यात मोजपट्टी उभी धरत असे. सकाळी सूप नऊ सेंटिमीटर असे, संध्याकाळी बारा. झाकलेल्या पातेल्यात, घरात कोणी नसताना, सूप तीन सेंटिमीटर वाढत होते. हे पत्नीसमोर मांडले तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही आगी विझवायला जाता की आगीला बसवून जबाब घेता? मी आठ वाजता घराबाहेर पडते. सूप काय माझ्या पाठीमागे बाळंत होतं?"

३. येथे अर्जदाराची गफलत आपल्या ध्यानात आली असेल. 'घरात कोणी नसताना' हे वाक्य चूक आहे. घरात अर्जदाराची आई असते.

४. आईचे वय एकाहत्तर. तिला साखरेचा आजार आहे व गोळ्या चालू आहेत. रमजानच्या आधी दवाखान्यातील डॉक्टरांनी तिला बजावले होते की यंदा रोजे ठेवायचे नाहीत, दुपारचे जेवण चुकवायचे नाही, साखर एकदम उतरली तर उठवायला कोणी जवळ नसेल. आई "बरं" म्हणाली. जिने भाजीवाल्याचा पहिला भाव कधी मान्य केला नाही, ती स्वतः एका शब्दात "बरं" म्हणते, यावर अर्जदाराने संशय घ्यायला हवा होता. वजनकाट्यापासून खजुरापर्यंत सर्वांना उभे-आडवे तपासणाऱ्या अर्जदाराला तो आला नाही, याची नोंद त्याने स्वतःविरुद्ध केली आहे.

आई सहेरीला सर्वांबरोबर उठत असे. "उठलेच आहे तर सोबतीला दोन घास खाते," म्हणून खात असे, आणि गोळी तेव्हाच घेत असे. दुपारसाठी भात, डाळ, भाजी व दही तिच्या ताटात झाकलेले असे. संध्याकाळी ताट मोरीत असे आणि कडेला चार शिते चिकटलेली असत. शितावरून भाताची परीक्षा करतात, तशी घरातील सर्वांनी पंधरा दिवस त्या चार शितांवरून आईच्या जेवणाची परीक्षा केली.

५. दि. १७ मार्च रोजी अर्जदाराने अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा घेतली. अर्जावर कारण 'घरगुती' लिहिले होते, खरे कारण सूप होते. घर तिसऱ्या मजल्यावर असल्याने तो समोरच्या इमारतीच्या जिन्यात उभा राहिला. केंद्राची शिडी अथवा दुर्बीण वापरलेली नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी आई स्वयंपाकघरात आली. तिने ताटावरचे झाकण काढले आणि बराच वेळ त्याकडे पाहत बसली. मग उठून सगळे जेवण मिक्सरमध्ये फिरवले, अर्जदाराच्या सुपात ओतले, पळीने ढवळले. ताट धुतले. भाताच्या भांड्यातून चार शिते बोटाने घेऊन ताटाच्या कडेला लावली आणि ताट मोरीत ठेवले. त्यानंतर ती भिंतीला हात लावत लावत पलंगाकडे निघाली आणि मध्येच खाली बसली.

जिना उतरून समोरचे तीन मजले चढण्यास अर्जदारास लागलेला वेळ त्याने मोजलेला नाही. तो शिडी परीक्षेच्या मर्यादेत बसेल असे वाटते.

६. आईला दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते. अर्जदाराने साखरेचे पाणी केले. तिने तोंड मिटून घेतले. "पाच-सव्वापाच तास राहिलेत रे फक्त," म्हणाली. या सेवेत अर्जदाराने बावीस माणसे आगीतून बाहेर काढली. पाण्याचा एक पेला ओठांना लावायला त्याला इतका वेळ कधी लागला नव्हता. शेवटी त्याने भाताचे भांडे पुढे ओढले आणि सांगितले, "तू प्यायली नाहीस तर मी इथंच जेवायला बसतो." आईने त्याच्याकडे असे पाहिले की जणू घरात चोर शिरला आहे. मग पेला घेतला आणि संपवला.

पंधरा मिनिटांनी घाम थांबला व ती बोलू लागली. अर्जदाराने तिचा जबाब घेतला, तो थोडक्यात असा. साठ वर्षांत एक रोजा सुटला नाही, आता डॉक्टरच्या एका वाक्यावर का सोडायचा? तो डॉक्टर सगळ्यांना तेच सांगतो, त्याच्यावर तिचा विश्वास नाही. पण डॉक्टर खराच असेल तर काय, ही धास्तीही होती. आजारी माणसाने रोज्याऐवजी दुसऱ्या कोणाला जेवू घालावे असे तिने ऐकले होते. "म्हणून दोन्ही केलं. रोजाही ठेवला आणि जेवूही घातलं. कुठं चुकायला नको."

जेवण गरिबाला घालायचे असते, अर्जदाराला नव्हे, असे तिच्या निदर्शनास आणून दिले. त्यावर ती म्हणाली, "तुझ्यापेक्षा गरीब कोण? एवढा मोठा शिडीवाला, आणि संध्याकाळी नुसतं सूप पितोस!"

७. सबब अर्जदार पंधरा दिवस रोज स्वतःच्या सुपाबरोबर आईचे दुपारचे जेवणही खात होता. वैद्यकीय अधिकाऱ्यांचा 'उपवासाबाबत शंका' हा शेरा रास्त होता. उपवासाबाबत शंका घ्यायलाच हवी होती, फक्त माणूस चुकला. शेरा काढावा अशी विनंती अर्जदार करत नाही. ईदनंतर फेरतपासणीत वजन काय ते सांगेल.

८. आता मूळ विनंती. डॉक्टरांनी आईला पुन्हा समजावले आहे आणि तिने पुन्हा "बरं" म्हटले आहे. हे "बरं" अर्जदाराने दप्तरी दाखल करून घेतलेले नाही. पत्नीला कारखान्यातून दुपारी सुट्टी नाही. दि. १८ व १९ रोजी अर्धी रजा घेऊन अर्जदार स्वतः दुपारी घरी हजर राहिला, त्यात त्याची किरकोळ रजा संपली. दोन्ही दिवशी आई जेवली. पहिल्या दिवशी तिने दोन घासांनंतर हात थांबवला आणि म्हणाली, "तू उपाशी, आणि मी तुझ्यासमोर चावत बसू? लाज वाटते रे. तिकडं तोंड कर."

तिची अडचण खरी होती आणि अर्जदाराचा संशयही खरा होता. त्याने खुर्ची फिरवली व भिंतीकडे तोंड करून बसला. भिंतीवर फळी आहे, फळीवर पिठाचा स्टीलचा डबा आहे. तो सुदैवाने लख्ख असतो, त्यामुळे पाठ केली तरी त्यात आईचे ताट दिसते. एकोणीस घास मोजले. ही बाब आईला माहीत नाही, तरी ती कृपया आपल्यापाशीच ठेवावी.

९. रोजे ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यांना दुपारच्या सुट्टीऐवजी पाऊण तास लवकर, म्हणजे पावणेसहाला सोडण्याची सवलत आपण दिली आहे. ती अर्जदाराच्या बाबतीत रद्द करून त्याला दुपारी एक ते पावणेदोन ही मूळ सुट्टी द्यावी. सायकलने जायला बारा मिनिटे, यायला बारा, मध्ये एकवीस मिनिटे उरतात. एकोणीस घासांना ती पुरतात. परिपत्रकातील 'रोजा असताना दुपारच्या उन्हात व्यायाम टाळावा' ही सूचना मोडेल, त्याची जबाबदारी अर्जदाराची. संध्याकाळी साडेसहाला सुटल्यावर रोजा सोडण्याची वेळ पुलाच्या चढावर होईल. अर्जदार तेथे सायकल उभी करून रोजा सोडेल. यासाठी खिशात एक खजूर लागेल. काडीने दिला तर तो न चिरता खाण्याची अर्जदाराची तयारी आहे.

अकरा दिवसांचा प्रश्न आहे.

आपल्या निर्णयाची वाट दूरध्वनीशेजारी बसून पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
बिल्ला क्र. ४१७

दिनांक : २० मार्च

सोबत :
१) पाण्याच्या पेल्यांची नोंदवही, पाने चौदा.
२) सुपाच्या मोजमापाचा तक्ता.
३) डॉक्टरांची चिठ्ठी, झेरॉक्स.
४) आईचे संमतिपत्र. (अर्ज घरी वाचून दाखवावा लागला. तिने सही करण्यापूर्वी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली, ती तशीच ठेवली आहे : "साहेब, तो पिठाचा डबा मीच रोज घासून ठेवते. त्याला नीट दिसावं म्हणून.")