नर्मदाबाईंची तीन कुत्री

पौष शुद्ध ५, शके १८५९

त्या सकाळी शेण काढून झालं होतं, गोठा झाडला होता, दोन भाकरी भाजून टोपल्यात टाकल्या होत्या. तिसरी तव्यावर टाकली तेवढ्यात पोखर्णीच्या देवळातल्या गुरवीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, बोरीकडच्या नर्मदाबाई लेकीच्या बाळंतपणाला हैदराबादला जायल्यात, कुत्री सांभाळायला बाईमाणूस पाहिजे, पण लिहिता येणारी. मला हसू आलं. कुत्र्यांना काय पोथी वाचून दाखवायची आहे? हसण्यात तिसरी भाकरी करपली.

त्याला आज बारा दिवस झाले, आणि मी इथं आले आहे. बोरीच्या अलीकडं, दोन शेतं सोडून, चुन्यानं पांढरं केलेलं बैठं घर. चारी बाजूंनी ज्वारी कमरेच्या वर गेलेली. मला स्वतंत्र खोली दिली आहे. खाट, कंदील, एक खिडकी. नवरा लिंबाजी गेल्यापासून सहा वर्षं मी दिरांच्या गोठ्यालगत निजत होते. माझी म्हणावी अशी खोली ही पहिलीच.

कुत्री तीन. लाडू, मैना आणि दाणा. सिकंदराबादच्या छावणीतला कुणी साहेब विलायतेला जाताना देऊन गेला म्हणे. हातभर लांब, चवरीसारखे केस, डोळे केसांत बुडालेले. दाणा सगळ्यांत लहान. मी खाटेवर बसले तर माझ्या पायावर पाय ठेवून उभा राहिला, जसा काही तोच घरमालक.

रोज काय खाल्लं, काय केलं ते लिहून ठेवायला बाईंनी ही वही दिली आहे. बाई उद्या सकाळी निघतात.

पौष शुद्ध ६

बाई गेल्या. कुत्री फाटकाशी बसून रडली, मग दूध-भाकरी खाऊन निजली.

मला कसं निवडलं ते लिहून ठेवते, कारण मला त्याचं नवल वाटतं. आम्ही तिघी होतो. ताडकळसची एक बाई गूळ-शेंगदाणे घेऊन आली होती, कुत्र्यांचे मुके घेत होती. दुसरी म्हणाली, मी लेकरासारखी सांभाळीन. बाईंनी दोघींकडं नीट बघितलंही नाही. मला विचारलं, मागं कोण आहे? म्हटलं, कुणी नाही. कधी साप मारला आहेस का? म्हटलं, दोन. मग कोपऱ्यातलं मुसळ दाखवून म्हणाल्या, उचल. मी एका हातानं उचललं. पाणी आणणारी तानुबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. ती म्हणाली, आगं बया, ही बाई हाय का पैलवान, हिला कुत्री कशाला, हिला म्हशी द्या! सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला ठेवून घेतलं.

सांगून गेल्या ते असं. कुत्र्यांना अंगणाबाहेर सोडायचं नाही. रोज विंचरायचं. पाणी तानुबाई गावातून आणील तेच प्यायचं. मागच्या अंगणातली विहीर सागवानी फळ्यांनी झाकलेली आहे, वर साखळी आणि कुलूप. ती उघडायची नाही. का, असं विचारलं तर म्हणाल्या, पाणी बरं नाही. किल्ली मात्र माझ्या हातात दिली. फाल्गुनात त्या परत येतील तेव्हा तिन्ही कुत्री धड असली, तर ही खोली मला जन्मभर.

जन्मभर. हा शब्द मी पुन्हा एकदा लिहिते.

पौष शुद्ध १३

संक्रांत. मला वाणाला कोण बोलावणार? मीच चुलीवर तिळगूळ केला, कुत्र्यांना चिमूट चिमूट दिला. लाडूच्या दातांत तीळ अडकला तर तो सगळं अंगण फिरला. तानुबाईला वडी दिली, तिनं घेतली नाही. म्हणाली, या घरचं मी खात न्हाई, माय, गूळ बी न्हाई. मी म्हटलं, विधवेच्या हातचं म्हणून? तिनं जीभ चावली. म्हणाली, मी बी रांडावच की. तुज्या हाताचं न्हाई म्हणले का? या चुलीचं.

घागर तिनं नेहमीसारखी उंबऱ्यावर ठेवली आणि गेली.

लिंबाजीला तिळगूळ आवडायचा. त्याला अक्षरं येत नव्हती. पाटलांच्या मुलीनं टाकून दिलेलं अंकलिपीचं पुस्तक त्यानंच मला आणून दिलं. मी चुलीतली राख जमिनीवर पसरून अक्षरं काढायची, आणि तो शेजारी बसून म्हणायचा, हे कोण, हे कोण?

पौष वद्य २

आज दुपारी एक धनगर आणि त्याची बायको आली. सटवाजी आणि दगडाबाई. मेंढरात पिसाळलेला लांडगा शिरला होता, त्यानं सटवाजीच्या मांडीचा लचका तोडला. दगडाबाईनं फाटकाच्या गजाला डोकं टेकलं आणि म्हणाली, सा हिरीत बघून झालं, माय. एक हीर तेवढी राह्यली. सातवी तुमचीच. सातवी या हिरीबिगर उपेग न्हाई.

मी गज धरला.

लिंबाजीला पिसाळलेलं कुत्रं चावलं तेव्हा पुरुष माणसं त्यालाही विष उतरावं म्हणून सात विहिरींत डोकावायला घेऊन गेली होती. मला बरोबर नेलं नाही. परत आले तेव्हा माझे दीर म्हणाले, सहा झाल्या, सातवीच्या घरानं दार उघडलं नाही. कुणाचं घर ते मला सांगितलं नाही. एकविसाव्या दिवशी त्याला तांब्या बघून उबळ आली. त्याला खांबाला बांधलं होतं. तीन दिवस. त्या न उघडलेल्या दाराला मी सहा वर्षं शिव्या देत आले.

मी किल्ली घेतली.

फळ्या जड होत्या, दगडाबाईनं हात लावला. पाणी खोल होतं, काळं आणि स्थिर. सटवाजीनं वाकून बघितलं. त्याच्या तोंडातून एक हुंकार निघाला, मेंढरू भादरताना निघतो तसा. मग तो हसला. म्हणाला, हलकं वाटायलंय. जाताना दोघांनी माझे पाय धरले.

फळ्या लावल्या. कुलूप घातलं. कुत्री निजलेली होती.

पौष वद्य ३

दाणा सकाळी दूध प्याला नाही. वाटीत बघून मागं सरकला. त्याच्या पोटातून घरघर येत होती, एवढ्याशा कुत्र्याची वाटत नव्हती. दुपारी त्यानं मैनेच्या तोंडावर झेप घेतली. मी झाडूनं ढकललं तर झाडूच्या काड्या चावून गिळल्या. हिरड्या फाटल्या तरी चावत राहिला. मी लाडूला आणि मैनेला खोलीत कोंडलं.

तो माझ्याकडं धावत आला. मी मुसळ घेतलं.

एकदा. तो पडला आणि उठला. पुन्हा. पाठ मोडली तरी पुढच्या पायांवर माझ्याकडं सरपटत होता. तिसऱ्यांदा डोक्यावर.

हातभराचं जनावर. अंगणभर रक्त. मी राख टाकली, सारवलं. लिंबाच्या झाडाखाली पुरलं. बाईंना काय सांगू?

पौष वद्य ४

तानुबाईनं रक्त पुसलेलं ओळखलं. उंबऱ्याबाहेर बसून तिनं सांगितलं, मी आत बसून ऐकलं.

या विहिरीत बघितलं की माणूस बरा होतो, ते खरं. पण विष कुठं जातं? जो या चुलीवरचं खातो त्याच्यात, आधी जनावरात, जनावर नसलं तर माणसात. आधी बैल गेला, मग वासरू. लोक येत राहिले, बाईंचे मालक माणिकराव कुणाला नाही म्हणत नव्हते. एकदा गोठा रिकामा होता. त्या खेपेला माणिकराव. बाईंच्या हातून मुसळ उचललं गेलं नाही. चार दिवस तो माणूस दार फोडत होता, चौथ्या दिवशी त्यानं स्वतःचं मनगट दातांनी उघडलं. त्यानंतर बाईंनी फळ्या ठोकल्या, कुणालाच उघडलं नाही. दोन वर्षांनी आणलेली ही कुत्री. कधी कुणी कुलूप फोडलंच, तर लहान जनावर असावं, एका बाईच्या हातानं मरावं असं.

मी विचारलं, घर रिकामं ठेवलं तर? ती म्हणाली, मग बघणारा बरा हुत न्हाई. घ्यायला कुणी पायजे ना.

मी विचारलं, माणिकरावांना जाऊन किती वर्षं झाली? म्हणाली, सात. त्यानंतर या दारावरून कोण कोण परत गेलं ते मी विचारलं नाही.

आता लाडू आणि मैना. ती दोघं मी जगवीन. मी कुणाला उघडणार नाही.

पौष वद्य ७

सटवाजी बरा झाल्याची बातमी बाजारात फिरली. आज ग्यानबा नावाचा माणूस आला, त्याचा भाऊ आणि सातआठ जण. दोघा भावांना एकच कुत्रं चावलेलं. मी फाटकात उभी राहिले. नाही म्हटलं. सांगितलं सगळं. ग्यानबा म्हणाला, कुत्र्यापायी माणसं मारती का गं रांडमुंडे? दुसरा म्हणाला, ह्या कुत्र्यास्नी तूप-भाकर, आन् आमी मरावं व्हय? त्यांच्या जागी मी असते तर हेच बोलले असते.

मला ढकललं. कपाळ गजाला लागलं. कुऱ्हाडीनं साखळी तोडली.

दोघं वाकले. दोघं हसले.

घरात कुत्री दोन होती.

पौष वद्य ८

लाडू स्वतःचा पंजा खात होता. हाडापर्यंत. मैना भिंतीवर डोकं आपटत होती — मग दोघं एकमेकांच्या अंगावर. मी दार उघडलं तेव्हा मैनेचा जबडा लटकत होता, तरी ती चावत होती. लाडूचा एक डोळा —

दोघांना मी मारलं. लवकर झालं नाही. मैनेला फार वेळ लागला. मी रडत तिचं नाव घेत होते आणि मारत होते.

मुसळ धुतलं. लिंबाखाली आता तीन ढिगारे.

पौष वद्य ९

तानुबाई म्हणते, जा. आजच्या आज जा. आता ह्या चुलीचं खाणारी तू एकटीच.

कपाळ ठणकतं. ठणका थांबला की विहिरीच्या तुटलेल्या साखळीला दोर बांधते आणि जाते. खोली गेली. ठीक आहे. गोठा काय वाईट होता?

पौष वद्य ११

गाठोडं घेऊन फाटकाशी आले. बाहेर भिवराबाई नावाची बाई बसली होती, मांडीवर आठ-नऊ वर्षांची लेक. मुलीचे हात ओढणीनं बांधलेले. खालचा ओठ चावून फाटलेला. सहा विहिरी झाल्या होत्या. मी तानुबाईनं ठेवलेली घागर उचलली तर पाणी डचमळलं. तेवढ्या आवाजानं त्या लेकराची मान मागं पडली, गळ्याच्या शिरा दोरासारख्या —

ती लिंबाजीसारखी ओरडली. तसंच.

मी भिवराबाईला सांगितलं, मी निघाले आहे, घर रिकामं आहे, उपयोग होणार नाही. तिला कळलं नाही. ती म्हणाली, उघडा ना, आत्याबाई. बघू द्या ना एकदा.

मी गाठोडं खाली ठेवलं.

आत जाऊन चूल पेटवली. एक भाकरी केली. पूर्ण खाल्ली. मग दोर सोडला, फळ्या काढल्या, मुलीला कमरेला धरून वाकवलं. ती फार हलकी आहे. मी डोळे मिटले होते.

दोघींना बाहेरच्या ओट्यावर निजवलं. खायला काही दिलं नाही. देता येत नाही.

पौष वद्य १२

नर्मदाबाई, हे तुम्हाला लिहिते. कुत्री माझ्याकडून गेली. तुमच्यावर माझा राग नाही. होता.

सकाळी तानुबाईला हाक मारली. म्हटलं, मी आत गेले की बाहेरून कडी लाव, आणि बाई येईपर्यंत काढू नको, मी काहीही म्हटलं तरी. ती रडायला लागली. मी म्हटलं, पैलवानाला कोंडायला भितेस का? तिला हसू आलं नाही.

घसा आवळतो. शब्द नीट —

आत येण्याआधी मुलीजवळ बसले. तानुबाईच्या घागरीतलं वाटीभर पाणी तिच्या आईच्या हातात दिलं. माझं तोंड मी भिंतीकडं केलं होतं. आवाज ऐकत होते. घोट. मग घोट. ती सगळं पाणी प्याली, आणि तिनं अजून मागितलं, आणि मी —